एकक

तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही एकमेकींचेच गुडघे वाकवले.
रुममेट म्हणायची, दुखतंय गं, की मी थांबायचे.
एकशे वीस, एकशे तीस,
बरोबर. पुढची.

मग मुलांच्या विभागात पोस्टिंग.
इथे कुणी सांगत नाही दुखतंय म्हणून.
रडतात, किंवा आईकडे बघतात,
किंवा चावतात. मला दोनदा. खूण अजून आहे.

इरकल मॅडमचा पहिला धडा:
हात गरम करून ये.
दुसरा: घड्याळ काढ, बांगडी काढ.
तिसरा त्यांनी दिलाच नाही.
चटईवर मांडी घालून बसल्या
आणि अर्धा तास एका मुलासोबत
बरण्यांची झाकणं लावत राहिल्या.
आम्ही सहाजणी वह्या उघडून उभ्या.
"काय लिहिलंत?"
कुणीच काही लिहिलं नव्हतं.
"मग बसा खाली. उभ्यानं मूल दिसत नाही."

लोकेश बोल्ली, वय चार, राहणार विडी घरकुल.
वडील यंत्रमागावर, रात्रपाळी.
पाय एकमेकांवर चढलेले,
ओढू तितके घट्ट.
मी केसशीटवर लिहिलं:
स्नायू ताणलेल्या ताण्यासारखे,
सैल सोडले तर गुंता, खेचले तर तुटतील.
वाटलं, सोलापूरची पोरगी, जमलं आपल्याला.
मॅडमनी लाल पेनानं आडवी काट मारली.
"मूल म्हणजे चादर नव्हे. अंश लिही."

लिहिले अंश. डावा, उजवा.
नागमणीनं, त्याच्या आईनं, कागद बघितला, विचारलं,
"हे वाढलं की चांगलं, का कमी झालं की?"
मला धड सांगता आलं नाही.

मेल्लगा, म्हणायची ती माझ्या हातांना.
अर्थ विचारला नाही, चुकल्यावर कळला.
एकदा घाईनं पाय ओढला
तर पोरगं अख्खं फळीसारखं ताठ झालं.
तिनं माझं मनगट धरलं
आणि मला दाखवलं, किती हळू.
पुस्तकात यावर पानभर मजकूर आहे.

घरी करायचे व्यायाम, नऊ चित्रं, छापील.
चित्रातला मुलगा गोरा, सोफ्यावर, मोठ्या चेंडूपाशी.
मॅडम म्हणाल्या, जा, तिचा सोफा बघून ये.

मे महिना. पत्र्याखाली एक खोली.
भिजवलेली पानं, कात्री, मांडीवर सूप,
भिंतीच्या कोपऱ्याला टेकवलेला लोकेश.
"सहा विड्या बसतो," नागमणी म्हणाली,
"मग उजवीकडं पडतो."
मी हसले. मग मोजल्या.
सहा. आणि उजवीकडे.

तेलाचा रिकामा डबा आडवा केला,
दोन पाय दोन बाजूंना, झाला घोडा.
समोर दोऱ्याची रिळं, हात लांबवला तर मिळतील अशी.
तंबाखूची पाटी मी लांब सरकवली,
तिनं परत ओढली, निम्म्या वाटेपर्यंत.
तेवढ्यावर आमचं जमलं.

परीक्षेला बाहेरचे सर आले होते.
"या पेशंटचं ध्येय?"
आधाराशिवाय एक कट्टा बसणं.
"एकक काय म्हणालात?"
कट्टा, सर. पंचवीस विड्या.
त्याच्या आईच्या हाताला चौदा मिनिटं लागतात,
पानं चांगली असली तर.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मार्क किती पडले ते सांगत नाही.

सप्टेंबरात तो एकोणीसपर्यंत आला.
विसाव्या विडीला रिळासाठी झुकला,
तोल गेला,
मी पुढे झाले, मॅडमनी मागून माझी ओढणी धरली.
उजवा हात आपोआप पुढे आला त्याचा,
तळवा उघडा, फरशीवर.
पडला नाही.
रीळ डाव्या हातात.

नागमणीच्या बोटांत अर्धी वळलेली विडी,
आकडा विसरली.
डोळे पुसले नाहीत, हाताला तंबाखू होता.
"ओकटी," म्हणाली,
आणि एकपासून पुन्हा मोजायला लागली.